डांबराखालची खडी: सातारच्या आडरस्त्यांवर घरच्या आठवणी आणि गावचा इतिहास कसा शोधावा

पुसेगाव मागं टाकून आम्ही खटावच्या दिशेनं निघालो होतो. मागच्या सीटवर आत्या होती, पंचाहत्तरीला आलेली. एका साध्याशा वळणावर, जिथं ना देऊळ ना पाटी, ती म्हणाली, "थांबव जरा." गाडी कडेला घेतली. ती उतरली, चपलेनं डांबराची कड चाचपली आणि म्हणाली, "ह्याच्या खाली आमची खडी हाय."

१९७२चा दुष्काळ. आत्याचं लग्न नुकतंच झालेलं. ती, तिची सासू आणि वस्तीवरच्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. ब्रासावर मजुरी, मुकादमाची हजेरी, खायला सुकडी आणि मिलोची, म्हणजे लाल ज्वारीची भाकरी. त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलो होतो. खाली कुणाचे हात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून सुट्टी मिळाली की मी हायवे सोडून आतल्या रस्त्यानं जातो, आणि शक्यतो एक वडीलधारं माणूस बरोबर नेतो. असं फिरायचं असेल तर सुरुवात कशी करायची, असं अनेक जण विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. उदाहरणाला रस्ता घेतलाय माझ्या ओळखीचा: सातारा, माहुली, कोरेगाव, पुसेगाव, खटाव, वडूज, औंध आणि रहिमतपूरमार्गे परत सातारा. सगळा मिळून सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा फेरा आहे. एका दिवसात होतो, पण दोन दिवस दिले तर नीट होतो. तुमचं मूळ गाव जावळीत, पाटणला किंवा वाळव्याकडं असेल तर रस्ता तुमचा घ्या, रीत हीच ठेवा.

आधी माणूस ठरवा, मग रस्ता

बहुतेक जण उलटं करतात. नकाशावर किल्ला, देऊळ, धरण शोधतात आणि निघतात. ती सहल होते, ती करायला हरकत नाही. पण तुम्हाला घरच्या आठवणी आणि गावचा इतिहास एकत्र शोधायचा असेल तर पहिला प्रश्न "कुठं जायचं?" असा नको. तो "कुणाला न्यायचं?" असा हवा.

घरातलं सगळ्यात म्हातारं, पण प्रवास झेपेल असं माणूस निवडा. आजी, आत्या, चुलत आजोबा, मावशी. माझा अनुभव सांगतो: बायकांना वाटा जास्त आठवतात. माहेर-सासर, पाणवठा, बाजार, जळण, कामावरची चाल, हे सगळं त्यांनी पायी केलेलं असतं. पुरुष बऱ्याचदा जमिनीच्या आणि भांडणांच्या गोष्टी सांगतात. दोन्ही हवं, पण वाट विचारायची तर आत्याला विचारा.

मग त्यांना एकच विचारा: "तुम्ही तरुणपणी सगळ्यात जास्त कुठल्या रस्त्यानं चालला?" जे उत्तर येईल तो तुमचा रस्ता. ते वीस किलोमीटरचं असलं तरी चालेल.

आणि हे पुढं ढकलू नका. माझे थोरले मामा मिरज-पुणे मीटरगेज गाडीच्या गोष्टी सांगायचे. पुढच्या दिवाळीत निवांत बसून लिहून घेऊ, असं मी तीन दिवाळ्या म्हणत राहिलो. चौथ्या दिवाळीला ते नव्हते. त्यांच्याबरोबर काय काय गेलं याचा मला अंदाजही नाही.

घरी बसून करायची तयारी

याला दोन संध्याकाळ पुरतात.

पहिलं काम कागदांचं. घरातली जुनी ट्रंक उघडा. सातबाराचे जुने उतारे, फेरफार, शाळेचे दाखले, सैन्यातल्या कुणाची पेन्शनची कागदं, लग्नपत्रिका, सगळं बघा. लग्नपत्रिका कुणी टाकून देऊ नये. तीत चार पिढ्यांची नावं, गाव, भावकी आणि कुलदैवत एका पानावर सापडतं. तुमच्या भागात हेळवी येत असतील, म्हणजे बैल घेऊन दारोदार फिरणारे, कुळाची वंशावळ सांगणारे, तर ते कधी येतात हे भावकीत विचारून ठेवा. आमच्याकडं हेळव्यानं सांगितलेलं मूळ गाव आणि घरात सगळे सांगायचे ते मूळ गाव वेगळं निघालं. त्यातून एक नवा रस्ता सापडला.

दुसरं, गावचा नकाशा. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गट क्रमांकासह नकाशे दिसतात. फोनवरच्या नकाशात गाव म्हणजे एक ठिपका असतो. गावनकाशात मात्र पाणंद, ओढा, गावठाण, वस्त्या उमटतात. जुनी पाणंद कुठून जायची ते त्यात बघा आणि आत्याच्या वाटेशी जुळवा.

तिसरं, मुंबई सरकारनं १८८५ साली छापलेलं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर. इंग्रजीत आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येतं. तुमच्या वाटेवरच्या चार गावांच्या नोंदी तेवढ्या वाचा. बाजाराचा वार कोणता, देवळं कुणी बांधली, अशी माहिती मिळते. फक्त ते साहेबाच्या नजरेनं लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवा. कर कुठून येतो आणि बंड कुठं होतं, यावर त्यांचं जास्त लक्ष.

एवढं पुरे. सगळं वाचून मग निघू म्हणाल तर निघणं होत नाही.

कधी निघायचं, काय घ्यायचं

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. उन्हाळ्यात खटाव-माणकडं म्हाताऱ्या माणसाला नेऊ नका. गळीत हंगामात कोरेगाव, रहिमतपूर, मसूर या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, आणि अनेकींना मागं दिवा नसतो. अंधार पडायच्या आत परत या.

गावच्या जत्रेचा मुख्य दिवस टाळा, पण दुसरा-तिसरा दिवस जरूर साधा. मुंबई-नवी मुंबईला माथाडी कामाला गेलेली, पुण्यात स्थायिक झालेली सगळी माणसं तेव्हा घरी असतात आणि ओट्यावर निवांत बसलेली असतात. वर्षभरात एवढी माणसं एका जागी पुन्हा भेटत नाहीत.

पाणी, आत्याच्या गोळ्या, बसायला घोंगडी किंवा सतरंजी, वही, दोन पेनं, खडू आणि लहान विजेरी घ्या. खडू कशाला ते पुढं येईलच. पेट्रोल साताऱ्यात किंवा कोरेगावात भरून घ्या. गाडी नसेल तर एसटीनंही होतं. सातारा स्टँडवरून वडूजकडं जाणारी गाडी धरायची आणि एका दिवशी दोनच थांबे करायचे. एसटीत शेजारी बसलेला माणूस ही फार मोठी सोय आहे, गाडीवाल्याला ती मिळत नाही.

माहुली: देऊळ कुणाचं, हे विचारून सुरुवात करा

साताऱ्यातून निघालात की पाच-सहा किलोमीटरवर कृष्णा-वेण्णेचा संगम. बहुतेक गाड्या पुलावरून सरळ जातात. तुम्ही खाली उतरा.

एका तीरावर संगम माहुली, दुसऱ्यावर क्षेत्र माहुली. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलं. हे नाव वहीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण दिवसाच्या शेवटी आपण याच घराण्याच्या औंधात पोचणार आहोत. रस्त्यावरची दोन गावं एकमेकांशी कशी बांधलेली असतात ते अशा नावांवरून कळतं. वाटेतल्या प्रत्येक देवळाला आणि घाटाला एकच प्रश्न विचारायचा: पैसे कुणी दिले? ते उत्तर पुढच्या गावाला घेऊन जातं.

इथंच सातारच्या राजघराण्यातल्या समाध्या आहेत. १७०८ साली साताऱ्यात राज्याभिषेक झालेले आणि १७४९च्या डिसेंबरात वारलेले थोरले शाहू महाराज इथं आहेत, ताराबाईही इथंच. दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांशी गादीसाठी झुंज दिली आणि विसावा एकाच वाळवंटात घेतला. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचं स्मारकही लोक इथं दाखवतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी ते दाखवा. न्यायाच्या कठोरपणासाठी ओळखले गेलेले रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

आत्याला मात्र यातलं काही सांगायचं नव्हतं. ती घाटाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुझ्या आजोबांची रक्षा हितंच सोडली." मी वहीत दोन्ही लिहिलं. डाव्या पानावर शाहू महाराज, उजव्या पानावर आजोबा. तेव्हापासून माझी वही अशीच असते: डावीकडं गावाचं, उजवीकडं घरचं. तुम्हीही असंच करा. दोन्ही पानं एकमेकांकडं बघत राहतात आणि पुढं कधीतरी जोड लागतो.

कोरेगाव ते पुसेगाव

कोरेगाव पट्टा वाघ्या घेवड्याचा, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. बाजारात मिळाला तर घ्या आणि विकणाऱ्या मावशींना विचारा की पूर्वी तो कशातून मोजून द्यायचे. अठवा, पायली, शेर ही मापं कुणाच्या घरी अजून आहेत का? बाजारात इतिहास विचारायचा तर मापापासून सुरुवात करावी. कुणी बिचकत नाही.

वाकडी वाट परवडत असेल तर सातारारोडला जा. तिथं कूपर यांचा नांगराचा कारखाना होता. कर्मवीर भाऊराव पाटील एकेकाळी त्या कारखान्याच्या उभारणीत होते. तेच भाऊराव, ज्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली. तुमच्या घरात कुणी "कमवा आणि शिका"मधून शिकलेलं असेल, आणि सातारा जिल्ह्यात असं घर सापडणं अवघड नाही, तर ते कुठल्या वसतिगृहात होते, सकाळी कोणतं काम करायचे, हातात पहिली मजुरी किती आली, हे विचारून घ्या.

पुढं घाट चढताना वर्धनगड लागतो. शिवकाळातला किल्ला, पायथ्याला गाव, चढायला फार नाही. म्हाताऱ्या माणसाला चढवू नका. त्यांना गावातल्या पारावर बसवा आणि तुम्ही तासाभरात वर जाऊन या. खरं सांगायचं तर मी किल्ल्यावरून खाली येईपर्यंत आत्यानं पारावर एक सोयरीक शोधून काढली होती, आणि मला वरून जेवढं दिसलं त्याच्या दुप्पट तिला खाली कळलं होतं.

या घाटाच्या अलीकडची माती आणि पलीकडची माती बघा. उसाचा हिरवा पट्टा विरळ होतो, माळ सुरू होतात, हवा कोरडी लागते. दुष्काळी खटाव-माण इथून सुरू. आत्या इथं गप्प झाली होती. गप्प झालेल्या माणसाला लगेच प्रश्न विचारू नका.

पुसेगावला सेवागिरी महाराजांचं देवस्थान. मार्गशीर्षातली यात्रा आणि तिथला बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. घरच्या बैलजोडीची गोष्ट नाही असं शेतकऱ्याचं घर नसतं. बैलांची नावं विचारा. माझ्या वहीत आमच्या घराच्या अकरा बैलांची नावं आहेत आणि ती वाचून दाखवली की घरातले म्हातारे आपोआप पुढं बोलू लागतात.

कटगुण: आपलं मूळ गाव कोणतं?

पुसेगावजवळच कटगुण आहे. महात्मा फुल्यांच्या घराण्याचं हे मूळ गाव. आडनाव गोऱ्हे. इथून ते घराणं पुरंदर भागातल्या खानवडीला आणि पुढं पुण्याला गेलं, फुलांच्या व्यवसायावरून फुले झालं. गाव सोडलं, आडनाव बदललं, पण मूळ गावाचं नाव टिकलं.

इथं दहा मिनिटं थांबून बरोबरच्या वडीलधाऱ्यांना आपल्या घराबद्दल विचारा. आपण या गावात कुठून आलो? का आलो? आडनाव आधीपासून हेच का? "आपण इथलेच" हे पहिलं उत्तर येतं. मग विचारा की कुलदैवत लांब का आहे, सुतकाला कुठली भावकी लांबून येते. दुसरं उत्तर बरंच वेगळं असतं.

खटाव ते वडूज: आठवण आणि तारीख

येरळेच्या खोऱ्यातून जाणारा हा पट्टा मला सगळ्यात प्रिय. आत्याची खडी इथंच. थोडं थांबून या भागाबद्दल सांगतो, कारण इथं दुष्काळ आणि रस्ते वेगळे करता येत नाहीत.

१९०१ साली याच खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून सरकारनं तलावाचं काम काढलं होतं आणि त्यावर रामजी सकपाळ रोखपाल होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. मुलं साताऱ्यात शिकत होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. उन्हाळ्यात मुलं वडिलांकडं निघाली. रेल्वेनं मसूर स्टेशनला उतरली. वडिलांना पत्र पोचलं नव्हतं, घ्यायला कुणी आलं नाही. मुलं कोणत्या जातीची हे कळल्यावर स्टेशनमास्तर दूर झाला. गाडीवान तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं या अटीवर. बरोबर जेवण होतं, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही. रात्र टोलनाक्यावर काढली. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

मसूर स्टेशन आजही आहे, पुणे-मिरज मार्गावर. दुसरा दिवस हातात असेल तर औंधहून पुसेसावळीमार्गे मसूरला उतरा. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मसुरात आहे, तो बघायला बरेच जण जातात. त्याच फेरीत स्टेशनवर जा. फलाटावर उभं राहून त्या मुलांच्या वाटेकडं एकदा बघा. आणि गाडीत बरोबर असलेल्या माणसाला विचारा: आपल्या गावात पाणवठा कुणासाठी कुठला होता? हा प्रश्न जड आहे. माझ्या आत्यानं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग तिनं आमच्याच वाड्यातली एक गोष्ट सांगितली, जी ऐकून मला लाज वाटली. ती मी उजव्या पानावर लिहिली आहे, जशीच्या तशी. घरचा इतिहास शोधायचा तर घराला शोभणारंच तेवढं लिहिता येणार नाही.

आता वडूज. ९ सप्टेंबर १९४२ रोजी इथल्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा आला. वडगावचे परशुराम घार्गे हातात झेंडा घेऊन पुढं होते. पोलिसांनी गोळीबार केला, नऊ जण हुतात्मा झाले. गावात स्मारक आहे. तिथून पुढं सातारा-सांगली पट्ट्यात प्रतिसरकार उभं राहिलं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं, लोकांच्या बोलीत पत्री सरकार.

नवख्यानं शिकायची एक गोष्ट इथं आहे. या भागात कुणाही जुन्या घरी विचारा, आमचे आजोबा मोर्चात होते, भूमिगतांना भाकरी आमच्याच घरून जायची, असं ऐकायला मिळतं. सगळंच खरं असेल असं नाही, आणि सगळं खोटं तर मुळीच नाही. त्यांना खोडून काढू नका. "आजोबांनी हे तुम्हाला कधी सांगितलं? तेव्हा तुम्ही केवढे होता? भाकरी कोण घेऊन जायचं, कुठल्या वाटेनं?" असं विचारत जा. ज्यानं पाहिलंय तो वाट सांगतो, ओढा सांगतो, भाकरीबरोबर काय दिलं ते सांगतो. ज्यानं ऐकलंय तो भाषणातली वाक्यं सांगतो. दोन्ही लिहा, पण बाजूला खूण करा: "पाहिलेलं", "ऐकलेलं". तारीख डाव्या पानावर, आठवण उजव्या पानावर.

औंध: संध्याकाळ इथं ठेवा

वडूजहून औंध लांब नाही. डोंगरावर यमाई, आणि वाटेत टेकडीवर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली सुरू केलं. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे ते हेच. राजा रविवर्म्याची चित्रं इथं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. खटावच्या माळावर हे सगळं आहे हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. जायच्या आधी वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या, आणि दोन तास तरी द्या.

पण माझ्या मते औंधची सगळ्यात मोठी वस्तू संग्रहालयात नाही. १९३९ साली या राजानं, महात्मा गांधींच्या सल्ल्यानं, आपल्या ७२ गावांच्या संस्थानात प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना लागू केली. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती. ८ मार्च १९४८ला संस्थान विलीन झालं. गावातल्या जुन्या माणसांकडं संस्थानी शाळेच्या, दसऱ्याच्या, नमस्कारांच्या गोष्टी अजून वडिलांकडून आलेल्या आहेत. "तुमचं गाव संस्थानात की खालशात?" हा प्रश्न या भागात जरूर विचारा. खालसा म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलातला मुलूख. शेजारशेजारच्या दोन गावांत शाळा, कर, दवाखाना, सगळं निराळं होतं, आणि शिवेवरच्या माणसांना तो फरक नीट ठाऊक असायचा.

सकाळी माहुलीला लिहिलेलं पंतप्रतिनिधींचं नाव आता वहीत परत काढा. दोनशे वर्षांचं अंतर आहे दोघांत. घराणं एकच.

रहिमतपूरमार्गे परतीचा रस्ता सोपा आहे. थकलेल्या माणसाला झोपू द्या.

दगड कसा वाचायचा

या फेऱ्यात देवळापुढं, वेशीत, कधी चक्क गोठ्याच्या भिंतीत कोरीव दगड दिसतील. लोक शेंदूर लावून देव म्हणतात. बरेचसे वीरगळ असतात, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचे दगड. खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत लढाई किंवा मेलेला वीर, कधी गाई. त्यावर अप्सरा त्याला वर नेताना. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर चंद्र-सूर्य. तळाला गाई असतील तर गावची गुरं वाचवताना तो पडला असं समजतात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर तो सतीचा दगड.

पूजेत असलेल्या दगडाला हात लावण्याआधी विचारा. पाणी ओतणं, घासणं, तेल लावणं अजिबात नको. अक्षरं असतील तर त्यांवरही खडू फिरवू नका. विजेरी बाजूनं तिरकी धरा, झिजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात, मग फोटो घ्या. खडू फोटोसाठी आहे: जमिनीवर वीतभर रेघ मारून दगडाशेजारी ठेवायची, म्हणजे आकार कळतो. अक्षरं देवनागरीसारखी वाटली तरी घाईनं वाचू नका, जाणकाराला दाखवा. मोडी कागद निघाला तर त्याचंही तेच.

वीरगळांचा नाद लागला तर पुढच्या वेळी वाई तालुक्यातल्या किकलीला जा. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाभोवती एका जागी इतके वीरगळ आहेत की डोळा तयार होतो. त्याच दिवशी लिंबची बारा मोटेची विहीरही होते. शिलालेखात विरूबाई भोसल्यांचं नाव आणि शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे.

विचारायचं कसं

अनोळखी गावात शिरल्यावर आधी गाडी बंद करा. राम राम घाला. आपलं नाव, गाव, आईचं माहेर सांगा. आईचं माहेर सांगितलं की निम्मी ओळख होते. मग पाणी मागा. गावात पाणी मागणाऱ्याला कुणी उभं ठेवून परत पाठवत नाही.

फोन लगेच पुढं करू नका. मी एकदा तो चुकून केला. एका आजोबांची गोष्ट रंगात आली होती, मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि ते "आमचं काय, अडाणी माणसं" म्हणून उठलेच. आता आधी अर्धा तास नुसतं ऐकतो. मग विचारतो, "हे माझ्या पोरांना ऐकवायचंय, आवाज धरून ठेवू का?" होकार आला की फोन सतरंजीवर उलटा ठेवतो. नाही म्हणाले तर नाही.

जमिनीचे वाद, भाऊबंदकी, कुणाच्या लेकीसुनेच्या गोष्टी कानावर येतीलच. त्या लिहा वाटलं तर, पण बाहेर सांगू नका. माणूस हयात असताना तर मुळीच नाही.

शिवाराची नावं मात्र हट्टानं विचारा. प्रत्येक माळाला, ओढ्याला, मळ्याला नाव असतं: कुणा झाडाचं, कुणा माणसाचं, कुठल्या घटनेचं. गट नंबर आल्यावर ही नावं मागं पडली आणि आमच्या पिढीबरोबर ती जातील. आत्यानं एका दुपारी मला चौदा नावं सांगितली. माझ्या चुलतभावाला, जो ती जमीन कसतो, त्यातली पाचच माहीत होती.

परतल्यावर

त्याच रात्री लिहा. सकाळपर्यंत अर्धं विरतं. फोनमधले आवाज दुसऱ्या ठिकाणीही उतरवून ठेवा आणि प्रत्येकाला नाव द्या: गाव, माणूस, तारीख. माझी दोन तासांची एक ध्वनिफीत जुन्या फोनबरोबर गेली, म्हणून सांगतो.

मग महिनाभरात एकदा ते लिहिलेलं ज्याचं त्याला वाचून दाखवा. आपण ऐकलेलं आणि त्यांनी सांगितलेलं यात फरक असतो. छापील प्रत काढून त्यांच्या हातात द्या, मोठ्या अक्षरात. वाचता येत नसेल तरी द्या, घरातलं पोर वाचून दाखवतं.

मी आत्याला तिचं पान वाचून दाखवलं. खडीच्या कामावर ती चार महिने होती, असं मी लिहिलं होतं. डोळे मिटून ऐकत होती. तिथं थांबवून म्हणाली, "सहा. थोरली पोटात होती तवा निम्मं, आन् ती झोळीत असताना निम्मं. झोळी रस्त्याच्या कडंच्या बाभळीला बांधायची." मी चार खोडून सहा केलं. पुढच्या रविवारी थोरल्या ताईला घेऊन ती बाभूळ शोधायला जायचंय.